यादीतली कॉफी

पडदे धुणे. चपलेचा तुटलेला अंगठा. पेन्शन कार्यालय. कॉफी. अदिस अबाबातल्या नव्या इमारतीत वोर्किनेशने यादी पुन्हा वाचली. कॉफी रोज उद्यावर जायची. जुन्या वस्तीत शेजारणींना बोलावल्याशिवाय कुणी कॉफी पीत नसे, आणि इथे सगळी दारं बंद. आज तिने तेच काम आधी घेतलं. जिन्यात शेगडी ठेवून कॉफीच्या बिया भाजल्या. समोरच्या दारातली शेजारीण धावत आली, खांद्याला ऑफिसची पर्स. "आजी, काय जळतंय?" "जळतंय कुठं? तुला बोलावतेय. बस." "एकच कप हं!" "एकावर उठतात का? तीन घ्यायचे, तिसरा आशीर्वादाचा." "माझी नोकरी घालवाल!" कॉफी उकळेपर्यंत ती घड्याळ बघत थांबली, एक कप उभ्यानेच प्याली, जिना उतरली. वोर्किनेशने पेन्सिल घेतली. कॉफीवर काट न मारता शेजारी लिहिलं: दोन बाकी. मग पडदे भिजवले. शेगडी पेटवण्याआधी तिने दारागणिक एक असे सहा कप मांडले होते.