लोड देऊन ट्रायल

"हिच्यात दम नाही," भैय्याजी म्हणाले. गाडीचं बोनेट अजून उघडलंही नव्हतं.

"बाबूजी, पहले बैठ तो जाइए," दुकानदार हिरालाल म्हणाला.

"बसतो ना. न बसता नापास केलं तर गाडीवर अन्याय होईल."

सुपेला भागातल्या हिरालालच्या जुन्या गाड्यांच्या शेडमधली ही पांढरी गाडी सहावी. याआधी पाच रविवारी पाच दुकानांतल्या पाच गाड्या भैय्याजींनी नापास केल्या होत्या. स्टील प्लांटच्या इन्स्पेक्शनमधून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून घरी चहा, शेजारी आणि टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज एवढंच नापास करायला उरलं होतं.

घरच्या चौघांत मिळून एक गाडी, जुनी चालेल, पण झेपली पाहिजे, असं बोलणं होतं. बायको रमाचे गुडघे गेले होते. मुलगा कौस्तुभ प्लांटात शिफ्टला जायचा. आणि सून अनुजाला कुम्हारीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली होती. उद्या, सोमवारी, साडेदहाला हजर व्हायचं होतं. नाही तर दुसरी मुलगी तयार बसलेली होती.

"आमची सून तीन ऑटो बदलत जाणार नाही. गाडीनं जाईल, नाही तर जाणारच नाही," असं भैय्याजींनी दीड महिन्यापूर्वी जाहीर केलं होतं. मग ते गाड्या नापास करायला लागले. अनुजाला हिशोब कळायला वेळ लागला नाही. सासऱ्यांना नोकरीला सरळ नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून ते गाडीला नाही म्हणत होते.

स्टिअरिंगवर अनुजा बसली. शेजारी भैय्याजी. मागे रमा, कौस्तुभ आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला हिरालाल.

"बस एक राउंड मारते हैं," हिरालाल म्हणाला.

"रिकामी ट्रायल मी घेत नाही," भैय्याजी म्हणाले. "प्लांटात आम्ही एक क्रेन रिकामी पास केली नाही. लोड देऊन पाहू."

वैशाली नगरला घरी येऊन गव्हाचे दोन कट्टे डिकीत टाकले. लोड. चक्कीवर कट्टे उतरवले. डिकीचं झाकण भैय्याजींनी तीनदा आपटून पाहिलं आणि तिन्ही वेळा तोंड वाकडं केलं. मग सेक्टर दहामध्ये रमाची बहीण सिंधुताई, तिच्याकडे. दार किती वाकायला लावतं हे रमाच्या गुडघ्यांवर तपासायचं होतं. तिथं पाऊण तास चहा झाला, कारण थंड झालेलं इंजिन पुन्हा एका चावीत लागतं का तेही पाहायचं होतं.

"इतना तो लोग लड़की देखने में नहीं बैठते," हिरालाल पोहे खात म्हणाला.

"लडकी का क्लच नहीं होता," भैय्याजी म्हणाले.

इंजिन एका चावीत लागलं. परत येताना चक्कीवरून पीठ घेतलं. भरलेली गाडी पुलावर न कुरकुरता चढली. गिअर लोण्यासारखे पडत होते. अनुजा मनातल्या मनात उद्याच्या रस्त्याला लागली होती.

"बाबा, हीच घेऊ," ती म्हणाली.

भैय्याजींनी समोरचा कप्पा उघडला, बंद केला, परत उघडला. "टक् वाजते."

"कप्प्याचा आवाज?"

"आज कप्पा, उद्या गिअरबॉक्स. नापास."

पीठ घरी उतरवून झाल्यावर हिरालालने चावी अनुजाच्या हातून घेतली. भैय्याजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबूजी, आप गाड़ी के लायक ही नहीं हो," म्हणाला आणि गेला.

"याच्या बोलण्यातही दम नाही," भैय्याजी म्हणाले आणि आत जाऊन पंख्याखाली बसले.

अनुजा त्यांच्यासमोर उभी राहिली. कौस्तुभ मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं पाहू लागला.

"बाबा, उद्या मले जायचं आहे. गाडी नाही. साफ सांगा, मले नोकरी करू द्यायची नव्हती ना?"

"असं कावून बोलून राहिली?"

"सहा गाड्या. एक चांगली नव्हती?"

"साऱ्या चांगल्या होत्या."

"मग एक घेतली कावून नाही?"

भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं. कप्प्याकडे पाहिलं होतं तसंच. मग ते मुलाकडे वळले. "कौस्तुभ, तू हिले अजून सांगितलं नाही?"

"मले वाटलं आई सांगेल," कौस्तुभ म्हणाला.

"उद्या पॉवर हाऊस भागातला गाडीवाला," भैय्याजी बोटांवर मोजत म्हणाले. "मंगळवारी खुर्सीपार. बुधवारी चरोदा. पूर्ण महिन्याची ट्रायल मी तुह्यासाठी लावून ठेवली आहे. दुकानं नऊला उघडतात, तू आरामात पोचते. येतानाचं कुम्हारीतल्या दुकानांशी बोलणं चालू आहे."

अनुजाने खुर्ची पुढे ओढली. "रोज? लोक काय वेडे आहेत, रोज गाडी द्यायले?"

"देतात," रमा पिठाचा डबा भरता भरता म्हणाली. "तुले लग्नात सासरी आणलं ना, तेव्हा समोरच्या सीटवर बसलेल्या ज्या मामांच्या तू पाया पडली, ते मामा नव्हते, गाडीचे दुकानदार होते."