तीन वाजताची शांतता

होबार्टच्या मासळी कंपनीने हॅकरांवर नजर ठेवणाऱ्या दोन यंत्रणा महिनाभर पारखायला घेतल्या होत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीनला पहिलीने बोंब ठोकली, "हल्ला! साठही कॉम्प्युटर एकाच साइटवर तुटून पडलेत!"

"मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत लागलीय, सगळे तीच बघतायत, गाढवा!" मॅनेजर मेरिन करवादली. त्या यंत्रणेला गप्प करण्याच्या नादात मेरिनला आपला घोडा जिंकताना दिसलाच नाही.

दुसरीने मात्र चकार शब्द काढला नव्हता. मेरिनने खूश होऊन, ती चालवणारी माणसं बसत त्या कंट्रोल रूमला फोन लावला. "डग, आम्ही तुमचीच घेतो. शर्यत कुठली आणि हल्ला कुठला, हे तुम्हाला बरोबर कळतं."

डग जरा चाचरला. "तीन वाजता ना? तेव्हा आम्ही सगळेच टीव्हीसमोर होतो. का गं, काही झालं का?"