हिरवी खूण

निर्वासितांच्या छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत पाहणीवाल्या बाई शिरल्या, तशी आईने तिन्ही मुलं पुढ्यात बसवली. दंडाची जाडी मोजायच्या पट्टीवर मधलीचा दंड नेहमी लाल, म्हणजे कुपोषणाच्या खुणेतच यायचा. त्या लाल खुणेवरच या घराला दर आठवड्याला पौष्टिक खाऊची चौदा पाकिटं मिळत.

"पाकिटं हीच खाते ना? वाटून टाकत नाही ना?"

"छे हो! दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही."

थोरल्याने पटकन ओठ पुसले.

बाईंनी मधलीच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि त्यांचा चेहराच खुलला. "अगंबाई, हिरवी खूण! जिंकलीस की गं पोरी!"

"पुन्हा एकदा बघता का?" आई म्हणाली. "पट्टी सैल राहिली असेल."

पुन्हा हिरवीच.

"ताई, आनंदाची गोष्ट आहे. लेक सुधारली तुमची. आता पाकिटं बंद." बाईंनी फॉर्मवर 'मदतीचा परिणाम उत्तम' असं लिहिलं आणि मधलीचा गालगुच्चा घेऊन त्या निघाल्या.

दार लागलं. आईने उरलेली पाकिटं मोजली आणि मधलीकडे पाहिलं. मधली रडवेली होऊन म्हणाली, "आई, शपथ, मी चोरून काही खाल्लं नाही गं."