पाण्यातले संत इसिद्रो

नेत्राने टॉवेल उघडून लाकडी मूर्ती डॉन एलिसेओंपुढे ठेवली. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि ते मूर्ती निरखू लागले. संत इसिद्रोंचा निळा कोट पार वाहून गेला होता. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या लेपाचे पोपडे सुटले होते. नांगराच्या दोन बैलांपैकी एकाच्याच अंगावर थोडा रंग उरला होता.

"पाण्यात पडला," नेत्रा इंग्रजीत म्हणाली.

तेवढं इंग्रजी तिच्या आईला, प्रतिमाताईंना, कळत होतं. "पडला कशाला? मी घातला," त्या मराठीत म्हणाल्या. "मास्तरांशी खोटं नको बोलूस."

झाली पंचाईत. आता सगळं सांगणं आलं.

नेत्रा आठवडाभर अल्बुकर्कीच्या एका ऑफिसात कोड लिहायची आणि दर शनिवारी न्यू मेक्सिकोतल्या या खेड्यात, डॉन एलिसेओंच्या हाताखाली, जुन्या स्पॅनिश पद्धतीचे लाकडी संत कोरायला शिकायची. उद्या शेतकऱ्यांच्या या संताचा सण. चर्चसमोरच्या टेबलावर शिष्यांचे संत मांडले जातात, पण डॉन एलिसेओ पास करतील तेवढेच. नेत्राचा संत दोन वर्षं परत आला होता. यंदाचा तिने आठ महिने खपून केला होता. लाकूड कॉटनवुडच्या मुळाचं, वर जिप्सम आणि सरसाचा लेप, रंग घरी घोटलेले. व्हार्निश मात्र मास्तरांनी बघितल्यावरच लावायचं, असा त्यांचा नियम. म्हणजे रंग कच्चेच होते.

आणि नेमकं काल, महिन्यापूर्वी नागपूरहून आलेल्या प्रतिमाताईंनी देव पाण्यात घातले.

"म्हणजे काय?" डॉन एलिसेओंनी विचारलं.

नेत्राने सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे फार अडलं की देवांना पाण्यात ठेवतात. मनासारखं होईपर्यंत बाहेर काढत नाहीत.

"शिक्षा?"

"शिक्षा असं नाही. म्हणजे, थोडीशी."

म्हातारे मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, तेव्हा प्रतिमाताईंनीच उठून त्यांना पाणी दिलं.

"पाऊस नसला की माझी आजी ह्या संतांना कोरड्या पाटात उभं करायची," ते म्हणाले. "उन्हात. पाटाला पाणी आल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आजोबा म्हणायचे, अगं, संत आहेत ते. ती म्हणायची, मग त्यांना कळायला नको?"

नेत्राने ते आईला सांगितलं. प्रतिमाताईंनी मान डोलावली. बाई शहाणी होती, असं त्यांचं मत पडलं.

"आणि काय मागितलं तुझ्या आईने?"

"मी पास व्हावं म्हणून."

"एकट्या ह्यालाच घातलं होतं?"

"नाही. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती. तिचे देव्हाऱ्यातले, नागपूरहून आणलेले."

"मग त्यांच्यात हा कसा?"

नेत्राने आईकडे बघितलं. सकाळपासून ती आईशी धड बोलली नव्हती. पातेल्यातलं निळं-तांबडं पाणी सिंकमध्ये ओतताना तर तिला इतका राग आला होता की भांडणसुद्धा सुचलं नव्हतं. आता तिने तोच प्रश्न मराठीत विचारला.

"घरातले सगळे घातले, मग ह्याला एकट्याला बाहेर कसं ठेवायचं?" प्रतिमाताई म्हणाल्या. "तू केलेला आहे ना तो."

तीन वर्षं फोनवर ही बाई या सगळ्याला 'तुझी ती सुतारकी' म्हणत आली होती. नेत्राला एकदम रडू आलं. रागावलेली असतानाच तिला फार बरं वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हे तिला कळेना.

डॉन एलिसेओंनी तिला रडू दिलं. त्यांचा हात मागच्या फळीकडे गेला. तिथे त्यांचे स्वतःचे संत होते, विकले गेलेले, पॅकिंगची वाट बघणारे.

"लोक हे नेतात. काचेत ठेवतात, वर बारीकसा दिवा लावतात. छान जपतात," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. त्यांच्याकडे कुणी काही मागितल्याचं माझ्या कानावर नाही."

मग त्यांनी इसिद्रोच्या उघड्या पडलेल्या लाकडावरून अंगठा फिरवला. नाकावरून, हनुवटीवरून, बैलाच्या वशिंडावरून.

"चेहरा चांगला कोरलायस. लेपाखाली दिसला नसता. उद्या हा असाच उभा राहील. रंग मागाहून दे."

प्रतिमाताईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले, मास्तरांना की संताला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

डॉन एलिसेओंनी टेबलावर ठेवायचं कार्ड पुढे ओढलं. संताचं नाव लिहिलं, नेत्राचं लिहिलं, लाकूड लिहिलं. रंगांच्या जागी जरा थांबले आणि दोनच इंग्रजी शब्द लिहून कार्ड नेत्राकडे सरकवलं.

"काय लिहिलं?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"इन यूज. म्हणजे वापरातला."

हे काही त्यांना पटलं नाही. "वापरात भांडी असतात. देव पूजेत असतो. पूजेतला म्हणून लिहायला सांग."

"त्याला इंग्रजीत तसा शब्द नाही गं, आई."

"मग मराठीत लिही."

"आणि इथे ते कुणाला कळणार?"

"त्याला कळेल की," प्रतिमाताई म्हणाल्या. "काल मी काय इंग्रजीत मागितलं होतं?"