बावीस टक्के

पुष्पगुच्छ झाला, शाल झाली, फोटो तर तीनदा झाला. मग मंत्री दुसऱ्या बैठकीला सटकले आणि संशोधनाचा निधी वाढवून मागणारं निवेदन प्राध्यापक संघटनेच्या अध्यक्षा खानविलकरबाईंच्या हातातच राहिलं.

“द्या मॅडम,” म्हणत मंत्र्यांचा खासगी सचिव पुढे आला. बाईंनी त्याला लगेच ओळखलं. हा तर भुजाडे! बावीस टक्के मजकूर उचललेला निघाला म्हणून त्याचा प्रबंध त्यांनीच परत पाठवला होता.

भुजाडेने कपाटातून संघटनेचं गेल्या वर्षीचं निवेदन काढून शेजारी ठेवलं. दोन्ही शब्दशः सारखी. पायउतार झालेल्या जुन्या मंत्र्यांचे आभारसुद्धा तसेच होते.

“मॅडम, स्वतंत्र संशोधनासाठीच निधी हवाय ना?”

बाईंचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती. “मागणी तीच, तर शब्द कशाला नवे? तुझं उत्तर दाखव.”

त्याने तयार पत्र पुढे केलं. ‘आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू आहे.’ वर तारीखही गेल्या वर्षीचीच होती.

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि समासात शेरा मारला: ‘बावीसवरून थेट शंभर टक्के. प्रगती उत्तम!’