वळणापर्यंत

गाडीचा आवाज वळणावरून वर चढू लागला, तशी गुनहिल्डनं काडेपेटी हातात घेतली.

खिडकीत शेवाळाच्या गादीवर चार मेणबत्त्या उभ्या होत्या. नाताळाआधीच्या दर रविवारी एक लावायची. आज तिसरा रविवार, आणि एकीचीही वात अजून काळी झाली नव्हती. हॉकन आल्याशिवाय लावायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. मागच्या दोन्ही रविवारी लेकाला बर्फानं येऊ दिलं नव्हतं.

अंगणात तीच तपकिरी गाडी येऊन थांबली. लांबलचक, जमिनीपासून चांगली उंच, चारही चाकांनी ओढणारी. मागच्या दारावर फाटकाच्या खांबाला घासून पडलेला पोचाही तोच. ती घेतली त्या दिवशी हॉकन म्हणाला होता, "आई, आता बर्फाचं निमित्त संपलं बघ."

गुनहिल्डनं दुसरा कप मांडला.

गाडीतून उतरली एक अनोळखी तरुण बाई. चर्चची नवी सेविका, तूव्हा. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी ती प्रभुभोजनाची भाकर घेऊन फिरत होती.

"एवढ्या बर्फात चढलीस कशी गं?"

"या गाडीला बर्फ कळतच नाही, आजी!" तूव्हानं किल्ली टेबलावर टाकली आणि हात चोळत केशराचा पाव उचलला. "पानं गळायच्या सुमारास घेतली. खाली ओस्तेरसुंद शहरातल्या एका माणसाकडून. फार भला. हिवाळ्याची चाकंसुद्धा देऊन टाकली. मी म्हटलं, अशी गाडी कोणी विकतं का? तर म्हणाला, आता वर डोंगरात माझं कोणी राहिलेलं नाही."

गुनहिल्डनं कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. ती पुसत राहिली, बशी कोरडी झाली तरी.

फोन वाजला. हॉकनचा आवाज नेहमीसारखाच, खोलीभर ऐकू येणारा.

"आई, निघालो होतो गं! वळणापर्यंत आलो. पण आज आपल्या तपकिरी गाडीनंसुद्धा हात टेकले. चाकं नुसती जागच्या जागी फिरत होती. शेवटी मागे वळवली. पुढच्या रविवारी नक्की!"

तूव्हाचा पाव ओठांशीच थांबला. तिनं अंगणाकडे पाहिलं, मग गुनहिल्डकडे. टेबलावरची किल्ली तिनं हळूच तळव्याखाली झाकली.

"पोटात काही आहे का तुझ्या?" गुनहिल्डनं फोनवर विचारलं.

"आहे, आहे. रागावली नाहीस ना?"

"बर्फावर काय रागवायचं? सावकाश जा. गाडीला जप."

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. काडी ओढली. पहिली मेणबत्ती लावली, दुसरी, तिसरी. काडी अजून जळत होती. तिनं चौथीही लावली.

"आजी, ती पुढच्या रविवारची," तूव्हा हलक्या आवाजात म्हणाली.

"माहीत आहे," गुनहिल्ड म्हणाली, आणि तिनं काडी फुंकली.