डावीकडे वळताना

नर्सबाईंनी जुनी मोटारसायकल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मेकॅनिककडे आणली. हँडल डावीकडे वळवलं की तीनदा टकटक वाजायचं. उजवीकडे मात्र चिडीचूप.

“बेअरिंग गेली असेल,” मेकॅनिक म्हणाला.

बेअरिंग धडधाकट निघाली. तरी त्याने नवी बसवली, केबल सोडवल्या, पुढचं चाकही उतरवून पाहिलं. आवाज आपला तसाच. शेवटी हट्टाला पेटून त्याने हँडलखालच्या नळीला कान लावला आणि हँडल सावकाश डावीकडे फिरवलं. टक, टक, टक. पुन्हा फिरवलं, तर आवाज गायब.

“काय केलंत?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. बाई खुशीत गेल्या.

दुपारी तो घरी जेवायला बसला. डाव्या हाताला बसलेल्या बायकोने काहीतरी विचारलं, म्हणून त्याने मान वळवली.

टक, टक, टक.

बायकोचा घास हातातच राहिला. “अहो, हे काय वाजलं?”

त्याने मान हलवली नाही.

“बघू,” म्हणत ती सरकली, आणि तो नको म्हणेपर्यंत तिने त्याच्या मानेला कान लावला होता.